ताईच्या नावापुढचा नंबर

लिहायला बसलो की उठावंसं वाटतं. आत्ताच दोनदा उठून आलो. एकदा गॅलरीतला टॉवेल उलटा करून टाकला, एकदा पाण्याची मोटर बंद आहे का ते पाहिलं. बंदच होती. बायको आतून म्हणाली, "अहो, बसा की एका जागी. पायाला चाकं बसवलीत का?"

तेव्हा जे सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा उठेन. माझ्या मुलानं त्याच्या बहिणीला पाठवलेले पैसे तिला मिळाले नाहीत. ते कुणाकडे गेले हे मला माहीत होतं. तरी मी दोघांनाही खोटं सांगितलं. त्यामुळे आमच्या सगळ्या नातेवाइकांत मुलगा कंजूष ठरला आणि मुलाच्या लेखी मुलगी उपकार न जाणणारी ठरली. दोघंही तसे नाहीत. हे लेखी असावं असं मुलीनंच सांगितलं आहे. नावं घालायची गरज नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी बँकेत होतो. नोकरीतली बरीच वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर गेली. वाळूज आणि चिकलठाण्याचे कारखानदार बाहेर माल पाठवायचे आणि त्यांचे पैसे आमच्या शाखेत यायचे. तो पैसा सरळ येत नसे. तिकडची बँक तिच्या ओळखीच्या बँकेला सांगायची, ती आणखी एकीला, मग आमच्या मुंबईच्या कार्यालयाला आणि मग आम्हाला. वाटेत प्रत्येकजण आपलं काहीतरी कापून घ्यायचा. चार दिवस, सहा दिवस, मध्ये सुट्टी आली तर आणखी. पैसा आला की खात्याचा नंबर आणि नाव जुळवून पाहणं माझ्याकडे होतं. नंबर बरोबर पण नाव वेगळं असेल तर मी पैसा अडवायचो. शाखेतले म्हणायचे, "साहेबांना काना-मात्रा जुळल्याशिवाय चहा उतरत नाही." मला ते ऐकायला आवडायचं.

आम्हाला दोन मुलं. थोरल्या मुलीला घरात सगळे ताईच म्हणतात, मीसुद्धा. ती लग्न होऊन जर्मनीला गेली, जावई आधीपासून तिथं नोकरीला होते. धाकटा मुलगा शिकायला म्हणून आयर्लंडला गेला आणि तिथंच राहिला.

लग्नानंतर लगेचच धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारसे आणि आहेर द्यायची आमच्याकडे रीत. जावई जर्मनीत, तर आहेर बँकेतून पाठवू म्हटलं. ताईचं स्वतःचं खातं तेव्हा नव्हतं. तिनं जावयाच्या खात्याचा नंबर पाठवला. मी तो फोनमध्ये 'ताई जर्मनी' या नावानं ठेवून दिला. जावयाच्या नावानं ठेवावा असं मनातही आलं नाही. लेकीला द्यायचं ते जावयाच्या हातात द्यायचं, हेच लहानपणापासून पाहिलेलं. पाकिटावर नाव लेकीचं, घेणारा हात जावयाचा. बँकेत आयुष्यभर नावं जुळवणाऱ्या माणसानं स्वतःच्या फोनात एकाच्या नावापुढे दुसऱ्याचं खातं लिहून ठेवलं, आणि त्यात काही चुकतंय असं त्याला वाटलं नाही.

पुढे काही वर्षांनी ताईनं ते घर सोडलं. का सोडलं हे तिनं मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा मी म्हणालो, "संसारात होतं असं. परत जा." तिसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही. ती एका मैत्रिणीकडे राहू लागली. त्याच सुमाराला तिनं मला एक निरोप पाठवला. "अण्णा, हे माझं स्वतःचं खातं. जुना नंबर काढून टाका." खाली नवा नंबर होता.

मी तो वाचला. उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. नंबर मात्र ठेवून घेतला नाही.

विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. तो नंबर ठेवून जुना पुसला असता तर मुलगी वेगळी झाली हे मी माझ्या हातानं मान्य केल्यासारखं झालं असतं. मला वाटत होतं दोन महिन्यांत जाईल परत, मग कशाला उगाच.

तिला तिथं एक लहानसं घर मिळत होतं. अनामत म्हणून तीन महिन्यांचं भाडं आधी भरायचं होतं. मला ती मागणार नाही हे उघड होतं. तिनं आईला सांगितलं, आईनं मुलाला. मुलाचा मला फोन आला.

"अण्णा, भाऊबीज आलीच आहे. ओवाळणी म्हणून टाकतो. मग ताईला नाही म्हणता येणार नाही."

"टाक की."

"तिला नंबर विचारला तर तिला आधीच कळेल. मग सुरू होईल तिचं, तुला कशाला त्रास, तुझं तुलाच पुरत नाही. तुमच्याकडं आहे ना नंबर?"

"माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असेल?" मी म्हणालो, आणि फोनमधून 'ताई जर्मनी' काढून त्याला पाठवून दिला.

त्या दिवशी बायकोनं करंज्या तळल्या होत्या. मी एक खाल्ली, ते आठवतं. छान झाली होती.

भाऊबीज झाली. दोन दिवसांनी ताईचा फोन. "अण्णा, आई म्हणत होती त्यानं काहीतरी पाठवलंय. आलं नाही."

"येईल. परदेशातला पैसा आहे. चार-सहा दिवस धरायचे. मधल्या बँका असतात."

"अण्णा, इथं मधल्या बँका नसतात. दोन्हीकडं युरोच. डब्लिनहून माझ्याकडं म्हणजे आपल्या गावातल्या गावात, गुलमंडीहून मुकुंदवाडीला पाठवल्यासारखं आहे. आज टाकला तर उद्या येतो."

"देश वेगळा की चलन परकीय. तू मला शिकवू नको. जन्म गेला माझा त्यात."

ती एवढंच म्हणाली, "घरमालक शुक्रवारपर्यंत थांबेल म्हणतोय."

"तर थांबेल. त्याला सांग, माझे वडील बँकेत होते."

ती हसली, पण ते हसणं नीट नव्हतं. शुक्रवार गेला आणि घर दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. त्या थंडीत तिनं तीन ठिकाणी सामान हलवलं. हे मला तेव्हा कळलं नाही. आईला माहीत होतं.

घर गेल्याचं कळल्यावर मी पहिल्यांदा बसून वाचलं की तिकडं हा व्यवहार होतो तरी कसा. आधी वाचायला काय झालं होतं, माहीत नाही. ताई म्हणाली ते बरोबर होतं. युरो वापरणाऱ्या देशांनी, आणि आणखी काही शेजाऱ्यांनी, मिळून असं ठरवलंय की युरोतला पैसा एका देशातून दुसऱ्यात पाठवणं हे देशातल्या देशात पाठवल्यासारखंच धरायचं. पाठवणाऱ्याची बँक सूचना एका सामाईक केंद्राकडे देते, तिथं सगळ्या बँकांचं देणं-घेणं जुळतं, आणि कामकाजाच्या पुढच्या दिवसापर्यंत पैसा समोरच्या खात्यात पडावाच लागतो. वाटेत कुणी कापायचा नाही. शंभर निघाले तर शंभरच पोचतात. आमच्या वेळच्या त्या लांबलचक साखळीतलं तिथं काहीच नाही.

आणि हे सगळं चालतं एका नंबरवर. त्याला आयबॅन म्हणतात. आधी देशाची दोन अक्षरं, मग दोन आकडे पडताळणीचे, मग बँक आणि खातं. ते पडताळणीचे दोन आकडे मोठे हुशार असतात. लिहिताना कुठलाही एक आकडा इकडचा तिकडं झाला की गणित जमत नाही आणि नंबर तिथंच अडतो. म्हणजे मुलाच्या हातून आकडा चुकला असता तर पैसे गेलेच नसते.

पण गेले होते. म्हणजे नंबर खरा होता, कुणाचा तरी.

पुढचं वाक्य वाचलं तेव्हा मी उभाच राहिलो. पाठवताना नाव लिहायची जागा असते, पण बँक नाव जुळवून पाहत नाही, नंबर पाहून पैसा जमा करते. त्या वेळी नियम तसाच होता. म्हणजे मुलानं वर ताईचं पूर्ण नाव लिहिलं असणार, आणि ते कुणी वाचलंही नसणार. मी आयुष्यभर जे काम केलं ते तिथं कुणी करतच नव्हतं.

फोन काढला. ताईचा जुना निरोप शोधला. नवा नंबर आणि 'ताई जर्मनी' एकाखाली एक ठेवले. सुरुवातीची देशाची दोन अक्षरं तेवढी सारखी होती.

जावयांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी म्हणालो, "बापू, चुकून तुमच्याकडं काही पैसे आले असतील."

"आलेत. त्यावर नाव तिचं होतं."

"मग तिला देऊन टाकता का?"

"तिच्याकडं माझं जास्त निघतं. सोडून जाताना भाड्याचा करार माझ्या गळ्यात टाकून गेली ती. ते मी वळते करून घेतले." मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "तुम्हीच पाठवायला लावले असं मला वाटलं. म्हटलं, अण्णांना निदान माझी बाजू समजली."

मी फोन ठेवला. बराच वेळ घरात फिरत राहिलो. जावयांना जे वाटलं तेच ताईला वाटणार. परत जा, परत जा म्हणणाऱ्या बापानं तिच्या भावाचे पैसे मुद्दाम त्या माणसाच्या खात्यात घातले. नाही म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार होतो? नवा नंबर तर माझ्या फोनात पडून होता.

उपाय होता. मुलानं स्वतःच्या बँकेला सांगायचं की पैसे चुकीच्या खात्यात गेले, परत मागवा. घेणाऱ्यानं हो म्हटलं तर परत येतात, आणि नाही म्हटलं तरी निदान तशी नोंद राहते. पण त्यासाठी मुलाला खरं सांगावं लागलं असतं. मी त्याला सांगितलं, "मिळाले ताईला. पण ती सध्या बोलायच्या मनःस्थितीत नाही. तू विषय काढू नको."

आणि ताईला सांगितलं, "त्याचं काही जमलं नाही गं. नवी नोकरी आहे, हात आखडलेला असेल. तू विषय काढू नको, त्याला लाज वाटेल."

बायकोलाही ताईला सांगितलं तेच सांगितलं. आमच्या घरात 'विषय काढू नको' म्हटलं की कुणी विषय काढत नाही. लहानपणापासून मीच लावलेलं वळण. ते इतकं पक्कं बसलं होतं की पाच वर्षं दोघांपैकी एकानंही काढला नाही. एकदा सरळ विचारलं असतं तर मी दहा मिनिटांत उघडा पडलो असतो. त्यांनी माझं ऐकलं, म्हणून मी वाचलो.

मुलाला वाटत राहिलं, घर घ्यायला पैसे दिले आणि ताईनं साधं 'मिळाले' म्हटलं नाही. ताईला वाटत राहिलं, भाऊ बोलून बदलला, आणि त्यापायी हातचं घर गेलं. त्याच्या लग्नाला ती आली ती पाहुण्यासारखी. करवली म्हणून मिरवायची ती मागच्या रांगेत खुर्चीवर बसून होती. फोटोवाल्यानं तिला हाक मारून बोलावलं. भावानं हाक मारली नाही.

एकदा कन्नडला एका लग्नात मेहुणे पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, तुमचं पोरगं लई चिक्कू निघालं म्हणं. बहीण रस्त्यावर आली, ह्यानं रुपाया काढला नाय."

दुसरा कुणीतरी म्हणाला, "आयर्लंडला गेलं की हातच गोठतो वाटतं!" सगळे हसले.

माझ्या पानात वाढप्यानं जिलबी टाकली. मी पाणी प्यायलो. एवढंच म्हणायचं होतं की त्यानं पाठवले होते. ते म्हटलं नाही. बायको बायकांच्या पंगतीत होती, तिच्या कानावर हे नंतर गेलं. गाडीत ती मला म्हणाली, "तुम्ही का नाय बोललात? आपल्या पोराला कुणीबी काहीबी म्हणतंय." मी म्हणालो, विषय काढू नको.

आता या वर्षीचं सांगतो.

भाऊबीजेच्या आधी बायकोनं मुलाच्या मागं लागून लागून त्याला तयार केलं. "या वर्षी तरी बहिणीला ओवाळणी पाठव. किती दिवस धरून बसशील? मी मेल्यावर पाठवणारैस का?" तो नाइलाजानं हो म्हणाला. मला हे माहीत नव्हतं. भाऊबीजेच्या दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"अण्णा, ताईला पैसे टाकतोय. जुनाच नंबर होता माझ्याकडं, तोच निवडला. तर बँक म्हणतेय खातेदाराचं नाव जुळत नाही."

"काय?"

"नवीन नियम आलाय आता. युरोत पैसे टाकायच्या आधी नाव आणि नंबर दोन्ही तपासतात. समोरच्या बँकेला विचारतात, हे नाव या नंबरचं आहे का. थोडा फरक असला तर बरोबर नाव दाखवतात. इथं सरळ जुळत नाही म्हणून आलंय. म्हणजे नाव भलत्याचंच दिसतंय." तो जरा हसला. "तुमच्या शाखेतल्यासारखं झालं बघा. चहा उतरेना."

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"तरी पुढं जायचं का म्हणून विचारतंय. ताईनं लग्नाआधीचं नाव लावलं असेल, त्यामुळं असेल. टाकू का?"

टाक म्हटलं असतं तर पैसे दुसऱ्यांदा त्याच माणसाकडे गेले असते. 'तिनं खातं बदललंय, नवा नंबर देतो' असंही म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पैसे यंदा ताईला मिळाले असते, बहीण-भावाचं बोलणं हळूहळू सुरू झालं असतं, आणि मी सुटलो असतो. हे सगळं एका क्षणात सुचलं. इतकं पटकन सुचलं की मला माझीच भीती वाटली.

"थांब," मी म्हणालो. "अजिबात टाकू नको. मी फोन करतो."

चपला घातल्या. बायको म्हणाली, "आता ह्या उन्हाचं कुठं?" मी मुकुंदवाडीच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो. फलाटावर एक कुटुंब सणाचं सामान घेऊन बसलं होतं. भावाकडे निघालेली एक बाई मुलाच्या कपाळावरचं ओघळलेलं कुंकू पदरानं पुसत होती. तिथं बसवेना. परत निघालो, अर्ध्यातून पुन्हा स्टेशनाकडे वळलो, पुन्हा परतलो. भाजीवाला म्हणाला, "काका, काय हरवलं का?" मी नाही म्हणालो.

घरी येऊन बायकोला आधी सांगितलं. ती ऐकत होती आणि हातातला टिपॉय पुसायचा फडका घडी करत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे कन्नडला तुम्हाला माहीत व्हतं."

"व्हय," मी म्हणालो. तिच्यासारखंच बोललो.

"मग लावा फोन. माझ्यासमोर लावा."

दोघांना एकत्र व्हिडिओवर घेतलं. ताई स्वयंपाकघरात होती, मुलगा कुठल्यातरी कार्यालयाच्या जिन्यात. दोघं एकमेकांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. मी सुरुवात बँकेपासून केली. मधल्या बँका, आयबॅन, पडताळणीचे आकडे.

मुलगा म्हणाला, "अण्णा, हे आम्हाला माहितीय. पुढं."

पुढचं सांगितलं. धोंड्याचा आहेर, 'ताई जर्मनी', भाऊबीज, जावयांचा फोन. दोघांना सांगितलेली दोन खोटी वाक्यंही जशीच्या तशी सांगितली.

मुलगा जिन्यातच खाली बसला. "ताई," तो म्हणाला, "मी पाठवले होते गं."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "मी नवा नंबर पाठवला होता. अंगठा पाठवला होता तुम्ही. म्हणजे होता ना तुमच्याकडं?"

"होता."

"मग चूक झाली म्हणू नका."

"नाही म्हणत."

"मामांना, मावशीला, सगळ्यांना सांगितलंत ना, हिनं घर मोडलं, तो चिक्कू आहे?"

"मी सांगितलं नाही. पण कुणी म्हटलं तर खोडलंही नाही."

"तेच ते. आता हेही सांगा. फोनवर नको, फोनवर तुम्ही फिरवून बोलता. लिहून काढा, आणि त्या सगळ्यांना पाठवा." तिनं फोन बंद केला. मुलगा म्हणाला, "ठेवतो अण्णा," आणि तोही गेला.

बायको उठून आत गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो. फोनमधला 'ताई जर्मनी' काढला, जुना नंबर पुसला आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या निरोपातला नंबर त्या जागी ठेवला. आकडे तीनदा जुळवले. मग तो मुलाला पाठवला आणि खाली लिहिलं, हा तिचा. यावर तिचंच नाव येईल.

त्यानं वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

थोड्या वेळानं ताईला फोन लावला. ती दुसऱ्या कॉलवर होती. जरा थांबून मुलाला लावला. तोही दुसऱ्या कॉलवर. अर्ध्या तासानं पुन्हा दोघांना लावून पाहिलं. तसंच.

बायको दारात येऊन उभी राहिली. "आता त्यांना तुमची गरज नाय," ती म्हणाली. "बोलू द्या. तुम्ही लिहायला बसा."

बसलो. पहिली प्रत कन्नडला मेहुण्यांना जाईल.